रात्र, कॅमेरा आणि एकटा माणूस



या व्यासपीठावर वेदान्तापासून अर्थसंकल्पापर्यंत बहुतेक विषय होऊन गेलेले आहेत. रात्री एकट्याने छायाचित्रे काढणाऱ्याने आपला जीव कसा सांभाळावा, हा विषय त्या पंक्तीत थोडा अंग चोरूनच बसणार. आम्ही विषय कळवला तेव्हा चालकांपैकी एका गृहस्थांनी विचारले, "हे ऐकायला येणार कोण?" आम्ही म्हटले, ज्यांच्या घरात असा एक प्राणी आहे ते सगळे येतील, तो प्राणी स्वतः येईलच असे नाही, कारण अंधार पडला की तो घरात नसतो. आज सभागृह बऱ्यापैकी भरलेले दिसते. त्यावरून गावात अशा प्राण्यांची संख्या लहान नसावी.

पूर्वी ती तशी नव्हती. गावात दोनतीन फोटो स्टुडिओ, त्यांच्या काचेच्या कपाटात नवरानवरीची चित्रे, आणि रात्रीचे चित्र म्हणजे फार तर वरातीचे. फिल्म महाग; ती अंधारावर कोण उधळणार? गेल्या पंधरावीस वर्षांत हे सारे पालटले. आता खिशातला मोबाईलदेखील ट्रायपॉडवर स्थिर ठेवला तर आकाशगंगा टिपतो. चैत्रवैशाखाची अमावास्या आली की मुले गडावर जातात, मृगाच्या आधी भंडारदऱ्याकडे काजवे पाहावयास जातात, आणि समुद्रकाठी तर बाराही महिने कोणी ना कोणी असतेच. ही झाली हौशी मंडळी. पोटासाठी रात्री काम करणारे निराळेच. लग्नाचे रिसेप्शन आटोपून दीडदोन लाखांची सामग्री पाठीवर टाकून पहाटे दोनला दुचाकीवरून परतणारा छायाचित्रकार आपण सर्वांनी पाहिलेला आहे. आपल्या घरच्या कार्यात त्याला जेवूनही घातले असेल. तो घरी सुखरूप पोचला की नाही, हे मात्र आपण सहसा विचारत नाही.

रात्रीच्या छायाचित्रणाचा इतिहास चाळला तर एक गंमत दिसते. आरंभीच्या काळात छायाचित्रकाराला रात्रीचे जेवढे भय होते, त्याहून अधिक भय रात्रीच्या माणसांना छायाचित्रकाराचे होते. जेकब रीस हा मूळचा डेन्मार्कचा, न्यूयॉर्क शहरात पोलीस-वार्ताहराचे काम करी. मॅग्नेशियमच्या चूर्णाने क्षणभर लख्ख उजेड पाडण्याची युक्ती जर्मनीत निघाल्याचे त्याने १८८७ साली वर्तमानपत्रात वाचले, आणि गरिबांच्या कोंदट खोल्या जगाला दाखवण्याची वाट त्याला सापडली. हे चूर्ण आरंभी पिस्तुलातून उडवावे लागे. आता कल्पना करा. मध्यरात्री तीनचार अनोळखी माणसे पिस्तुले घेऊन खोलीत शिरतात, मोठा धडाका होतो, डोळे दिपतात, आणि आलेली माणसे मुकाट्याने निघून जातात! बिचारे रहिवासी खिडक्यांतून उड्या टाकून पळत. पुढे रीसने पिस्तूल सोडून तळण्याच्या तव्यावर चूर्ण पेटवण्यास सुरुवात केली; पण त्या खटाटोपात त्याने दोनदा घराला आणि एकदा स्वतःला आग लावून घेतली. चष्मा होता म्हणून डोळे बचावले. त्याचे १८९० सालचे पुस्तक पुढे फार गाजले आणि न्यूयॉर्कच्या वस्त्यांच्या सुधारणेला त्याने मोठा हातभार लावला, ही गोष्ट निराळी.

दुसरा मनुष्य ब्रासाई. हे त्याने घेतलेले नाव. आपल्या जन्मगावावरून, म्हणजे ट्रान्सिल्व्हेनियातील ब्राशो या गावावरून ते त्याने घेतले. १९२४ साली तो पॅरिसला आला आणि काही वर्षांनी रात्रीबेरात्री कॅमेरा घेऊन हिंडू लागला. त्याचे रात्रीच्या पॅरिसवरील पुस्तक १९३२च्या अखेरीस निघाले. धुके, ओले रस्ते, कालव्याचा काठ, गुंडांचे अड्डे, सारे त्यात आहे. पहाटे तीन वाजता कालव्याच्या काठी लाकडी पाय रोवून उभ्या असलेल्या माणसावर पोलिसांचा संशय जाणार हे ओघानेच आले. अंधारात चित्र निघते यावरच त्यांचा विश्वास नव्हता. म्हणून ब्रासाई आपण काढलेली काही चित्रे खिशात बाळगी आणि हटकले की ती दाखवी. युक्ती साधी आहे, पण शंभर वर्षांनंतरही तिची बरोबरी करणारी दुसरी आम्हांस माहीत नाही.

त्याची आणखी एक सवय प्रसिद्ध आहे. काचेवर प्रकाश किती वेळ पडू द्यावयाचा, हे तो सिगारेटवर मोजी. उजेड बरा असेल तर एका जातीची सिगारेट संपेपर्यंत, अंधार दाट असेल तर दुसऱ्या, जाड जातीची. आम्ही धूम्रपानाची शिफारस करीत आहोत असे कृपा करून कोणी समजू नये. आमचा मुद्दा वेगळाच आहे. ती सिगारेट संपेपर्यंत ब्रासाईला पाहण्यासारखे कॅमेऱ्यात काहीही नव्हते. तेवढा वेळ तो भोवती पाही, ऐके, कोण येते कोण जाते याची नोंद घेई. आजचा छायाचित्रकार तेवढा वेळ काय करतो? तो कॅमेऱ्याच्या मागच्या चकाकणाऱ्या पडद्याकडे टक लावून चित्र उमटण्याची वाट पाहतो. आणि तिकडून नजर काढली तर खिशातला मोबाईल उघडतो.

आमचे सगळे म्हणणे या एका गोष्टीभोवती आहे. रात्री एकटा काम करणारा छायाचित्रकार आपले डोळे कॅमेऱ्याला उसने देतो, आणि बहुतेक वेळा डोळ्यांबरोबर कान व भानही देऊन टाकतो. चोर, साप, कडा, भरतीचे पाणी, यांपैकी कोणालाही त्याच्याशी वैर नसते. तो तेथे असून नसल्यासारखा असतो, एवढेच त्यांना पुरते.

हे नुसते बोलण्यापुरते नाही, शरीरशास्त्राचे आहे. आपल्या डोळ्याच्या आतल्या पडद्यावर दोन प्रकारच्या पेशी असतात. एक प्रकार रंग व बारकावे पाहतो, पण त्याला उजेड लागतो. दुसरा मंद प्रकाशात काम करतो. मात्र त्याला तयार व्हावयास वेळ लागतो. उजेडातून अंधारात गेल्यावर पूर्ण दिसू लागण्यास सुमारे अर्धा तास लागतो, थोडा अधिकच. हा अर्ध्या तासाचा ठेवा एका पांढऱ्या झोताने क्षणात लुटला जातो, आणि मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. दर दोन मिनिटांनी पडदा पाहणाऱ्या माणसाचे डोळे रात्रभर अंधाराला सरावतच नाहीत. चित्रातले तारे त्याला दिसतात, पायाखालचा दगड दिसत नाही. तांबडा प्रकाश मात्र या दुसऱ्या प्रकारच्या पेशींना फारसा जाणवत नाही, म्हणून तांबडा मंद टॉर्च वापरावा आणि पडद्याची चकाकी शक्य तितकी खाली आणावी. तांबड्या टॉर्चला पैसे नसतील तर साध्या टॉर्चवर तांबडा जिलेटीन कागद दुमडून लावला तरी भागते. आणखी एक गोष्ट. नजरेच्या बरोबर मध्यभागी या अंधारातल्या पेशी नसतातच. म्हणून अंधारात काही हलल्यासारखे वाटले तर त्याकडे थेट न पाहता किंचित बाजूला पाहावे. ते अधिक स्पष्ट दिसते. पूर्वीचे पहारेकरी आणि खलाशी हे शास्त्र न शिकताच जाणत.

आता डोंगराकडे येऊ. सह्याद्रीत छायाचित्रकाराला सर्वांत घातक असते ते एक पाऊल. चौकटीत वरचे झाड बसत नाही, म्हणून माणूस मागे सरतो. नजर समोर, पाय मागे. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारख्या ठिकाणी असे मागे सरणे म्हणजे काय, ते तिथे दिवसा पोटावर पडून खाली पाहिलेल्यांना सांगावयास नको. यावर उपाय दिवसाउजेडी करावयाचा असतो. सूर्यास्ताच्या निदान एक तास आधी पोचून जागा पायाखाली घालावी. ट्रायपॉड कोठे उभा राहील हे तेव्हाच ठरवावे आणि कड्याच्या बाजूला पांढरी दोरी किंवा चुन्याच्या चार चिमटी टाकाव्यात. निघताना दोरी उचलून आणावी. ट्रायपॉड कड्याच्या बाजूला, माणूस आतल्या बाजूला. एकदा अंधार पडला की ट्रायपॉडच्या पुढे पाऊल टाकावयाचे नाही. चौकट बसली नाही तर भिंग बदलावे, जागा बदलू नये. पावसाळ्याच्या तोंडावर विजा चमकू लागल्या तर गणित सोपे आहे. ध्वनीला एक किलोमीटर यावयास सुमारे तीन सेकंद लागतात. चमक आणि गडगडाट यांत अर्ध्या मिनिटाहून कमी अंतर राहिले की वीज दहा किलोमीटरच्या आत आली. तेव्हा माथा सोडून खाली उतरावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर जाऊ नये. विजेचे सुंदर चित्र घराच्या खिडकीतूनही निघते.

समुद्राची गोष्ट याहून फसवी आहे, आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहे. ताऱ्यांची चित्रे काढणारा अमावास्या निवडतो, कारण चंद्राचा उजेड नको असतो. आणि उधाणाची भरती असते तीही अमावास्येच्या सुमारास. म्हणजे त्याच्या दृष्टीने जी रात्र सर्वांत चांगली, तीच समुद्राच्या बाजूने सर्वांत वाईट. कोकणातले जुने लोक भरतीची वेळ काढावयास पंचांग पाहतात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. अर्ध्यापाऊण तासाचा फरक पडतो, पण काम भागते. याच हिशेबाने अमावास्येला पूर्ण भरती दुपारी व रात्री बाराच्या आसपास, आणि ओहोटी संध्याकाळी सहाच्या सुमारास. आता शहरातून आलेल्या मुलाचा कार्यक्रम पाहा. तो संध्याकाळी सहाला किनाऱ्यावर पोचतो. पाणी दूर गेलेले, कातळ उघडा पडलेला, मधल्या ओहोळात घोट्याएवढे पाणी. तो आनंदाने शेवटच्या खडकापर्यंत चालत जातो, ट्रायपॉड लावतो आणि आकाश काळे होण्याची वाट पाहतो. भरती सहा तासांत सारख्या वेगाने चढत नाही. पहिल्या तासात थोडी, आणि तिसऱ्याचौथ्या तासात, म्हणजे आठ ते दहा या वेळात, जवळजवळ निम्मी चढते. नेमका तेव्हाच हा गढलेला असतो. पाणी त्याच्या पायाशी येत नाही. आधी त्याच्या पाठीमागचा ओहोळ भरतो. मुंबईस काही दिवशी उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाते, एवढे सांगितले म्हणजे पुरे. पंचांग आपल्या घरी भिंतीवर टांगलेले असतेच, ते मंगळसूत्राच्या मुहूर्तापुरतेच पाहावयाचे असा काही नियम नाही.

साप आणि विंचू यांविषयी आपल्याकडे भीती फार आणि माहिती थोडी. आपल्या भागात विषारी साप मुख्यतः चार, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. यांतली मण्यार रात्रीच हिंडते आणि तिचा दंश पुष्कळदा दुखतच नाही. मुंगी चावली असेल म्हणून माणूस काम चालू ठेवतो. काही तासांनी पापण्या जड होतात. फुरसे लहान, कोकणातल्या सड्यावर दगडाखाली पुष्कळ. म्हणून अंधारात दगड हलवावयाचा नाही, जमिनीवर टेकावयाचे नाही, बॅग उघडी ठेवावयाची नाही, पायांत घोट्याच्या वर येणारे बूट हवेत. विंचवाची एक नवलाई सांगतो. अतिनील प्रकाशाचा टॉर्च टाकला तर विंचू अंधारात हिरवानिळा चमकतो. बसण्याच्या जागेभोवती एकदा असा प्रकाश फिरवून घेता येतो. कोकणातला लाल विंचू पूर्वी माणसे मारीत असे. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग सिद्ध केल्यापासून ते मरण पुष्कळच टळू लागले, ही आपल्या प्रदेशाने अभिमान बाळगावा अशी गोष्ट आहे. साप चावला तर कापणे, चोखणे, करकचून दोरी बांधणे यांतले काही करू नये. तो अवयव हलू देऊ नये आणि शक्य तितक्या लवकर सरकारी रुग्णालय गाठावे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका फुकट आहे. साप मारण्यात किंवा त्याचा फोटो काढण्यात वेळ घालवू नये. हे शेवटचे वाक्य छायाचित्रकारांना दोनदा सांगावे लागते.

बिबट्याची चौकशी आम्हांस प्रत्येक गावी होते. जुन्नरकडे तर व्याख्यान संपण्याआधीच होते. ताठ उभ्या असलेल्या मोठ्या माणसाच्या वाटेला बिबट्या सहसा जात नाही. वाकलेला, बसलेला माणूस त्याला लहान जनावरासारखा वाटू शकतो, आणि छायाचित्रकार तर निम्मी रात्र वाकलेलाच असतो. म्हणून अशा भागात गाडीला पाठ लावून उभ्यानेच काम करावे, कानांत गाणी लावू नयेत, अधूनमधून मोठ्याने बोलावे. स्वतःशी बोलले तरी चालते. हसावयास तेथे कोणी नसते. खरे सांगावयाचे तर जंगलातल्या रात्रीच्या चित्राची सर्वांत शहाणी रीत एका वनाधिकाऱ्याने १९२०च्या दशकातच दाखवून दिली. संयुक्त प्रांतातल्या जंगलात काम करणाऱ्या एफ. डब्ल्यू. चॅम्पियन याने वाटेवर तार ताणून ठेवली. वाघाचा पाय लागला की उजेड होई व वाघ आपले चित्र आपणच काढी. चॅम्पियन त्या वेळी तेथे असण्याचे कारणच नसे. आज वनखाते झाडांना बांधते ते कॅमेरे याच कल्पनेचे वंशज. शौर्य दाखवण्याची हौस ज्यांना आहे त्यांना ही रीत पसंत पडणार नाही, पण वाघाचे चित्र म्हणून ती चित्रे आजही उत्तम वाटतात.

आता माणसाकडे वळतो. येथे आपण एक विसरतो की रात्री परक्या गावाच्या शिवारात उभा असलेला छायाचित्रकार हा त्या गावाच्या दृष्टीने भयाचे कारण असतो. रीसची पिस्तुले गेली, पण भय गेले नाही. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार केले. तीही भरदिवसा. पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे १६ एप्रिल २०२०च्या रात्री अशाच अफवेच्या दिवसांत वाटेने जाणाऱ्या तिघांचा बळी गेला. यांतला कोणी छायाचित्रकार नव्हता. पण माळावर टॉर्चचे झोत फिरवणारा, कोणालाही न सांगता आलेला, बोलीभाषा न येणारा मनुष्य अशा दिवसांत सापडला तर काय होईल, हा विचार आमच्या मनातून जात नाही. म्हणून गावात शिरताना आधी पोलीस पाटलांना भेटावे, नाव सांगावे, कोणत्या माळावर किती वाजेपर्यंत आहोत ते सांगावे. पारावर चहा घ्यावा. ब्रासाईप्रमाणे आधीची चार चित्रे बरोबर ठेवावीत, आणि ती कागदावर असावीत; मोबाईल दुसऱ्याच्या हातात देण्यापेक्षा कागद देणे बरे. चित्रे पाहिली की लोक आपणहून चांगल्या जागा दाखवतात, आणि एखादा म्हातारा रात्री काठी टेकीत येऊन बसतोही. तो आला म्हणजे तुम्ही एकटे राहिला नाहीत.

चोराचे थोडक्यात सांगतो. त्याला तुमच्यात रस नसतो, सामग्रीत असतो. सॅन फ्रान्सिस्को शहरात ट्विन पीक्स नावाची टेकडी आहे. तेथे जुलै २०१७ मध्ये एका छायाचित्रकाराचा कॅमेऱ्यासाठी खून झाला, आणि तोही रात्री नव्हे, सकाळी. कोणी दरडावून कॅमेरा मागितला तर तो द्यावा. विमा उतरवला असेल तर पैसे मिळतात. नसेल उतरवला तर तो उतरवावा. ब्रासाईने ज्या गुंडांची चित्रे काढली त्यांनीच त्याचे पाकीट मारले, तेव्हा त्याने तक्रार केली नाही. त्यांचा धंदा त्यांनी केला, आपला आपण केला, असा त्याने हिशेब मांडला. आपण मात्र तक्रार करावी. आणि आपण अमुक ठिकाणी एकटेच आहोत हे तेथूनच साऱ्या जगाला कळवण्याची जी नवी खोड लागली आहे, ती चित्र घरी येऊन धुऊन पुसून झाल्यावर पुरवावी.

यानंतरचे बोलणे अवघड आहे, पण सभागृहात ज्यांच्या मुली हे काम करतात असे आईवडील बसलेले आहेत, त्यामुळे ते टाळता येत नाही. २२ ऑगस्ट २०१३ रोजी मुंबईत महालक्ष्मीजवळच्या बंद पडलेल्या शक्ती मिलच्या आवारात एका तरुण वृत्तछायाचित्रकार स्त्रीवर सामूहिक अत्याचार झाला. ती कामावर होती. वेळ संध्याकाळची होती, मध्यरात्रीची नव्हती. ती एकटी नव्हती. तिच्याबरोबर पुरुष सहकारी होता. म्हणजे 'रात्री जाऊ नकोस, एकटी जाऊ नकोस' हे जे दोन उपदेश आपण मुलींना देतो, ते दोन्ही तिने पाळल्यासारखेच होते. हल्लेखोरांनी सुरुवात केली ती परवानगीचा प्रश्न काढून, असे त्या वेळच्या वृत्तांतून पुढे आले. त्याच आवारात त्याच्या आधीच्याच महिन्यात, ३१ जुलैला, दुसऱ्या एका तरुणीवर असाच प्रसंग गुदरला होता. पण ती तक्रार नोंदली गेली ती या दुसऱ्या घटनेनंतर. २०१४ साली सत्र न्यायालयाने दोन्ही प्रकरणांत आरोपींना दोषी ठरवले.

यातून मुलींना घरी बसवावे असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात. आम्हांस तो मुळीच पटत नाही, आणि नुसता न्यायाच्या दृष्टीने नव्हे, उपयोगाच्या दृष्टीनेही पटत नाही. त्या जागेविषयी जे कोणाला तरी ठाऊक होते ते पुढच्या मुलीपर्यंत पोचले नाही, ही खरी दुखरी गोष्ट आहे. पहिल्या मुलीने तोंड का उघडले नाही, हे विचारण्याआधी तोंड उघडले असते तर आपण तिला काय बोललो असतो, हे ज्याने त्याने आठवून पाहावे. ज्या घरी मुलगी 'आज तेथे दोघेजण माझ्या मागे आले होते' असे सांगू शकते, आणि त्यावर 'उद्यापासून कॅमेरा बंद' असे उत्तर मिळत नाही, त्या घरातली मुलगी अधिक सुरक्षित आहे, कारण ती सांगत राहील. बाकी सूचना मुलामुलींना सारख्याच आहेत. एकच वाट असलेल्या आवारात शिरू नये. कोणी अधिकारी म्हणून हटकले तर त्याच्यामागे आत न जाता रस्त्याकडे, दिव्याकडे, दुकानाकडे चालू लागावे आणि बोलणे तेथे करावे. खरा अधिकारी रस्त्यावर येऊनही बोलतो. सभ्यपणा सोडावा लागला तर सोडावा. आपल्या मुलींना आपण लहानपणापासून हळू बोलावयास शिकवतो. या एका कामापुरते ओरडावयासही शिकवले पाहिजे.

परतीच्या वाटेचे दोन शब्द सांगून आटोपते घेतो. पहाटे दोन ते पाचमध्ये शरीर झोप मागते, मग चित्र कितीही सुंदर निघालेले असो. कड्यावरून सुखरूप उतरलेला माणूस घाटातल्या वळणावर डुलकी घेतो, तेव्हा चहा, गाणी, खिडकीतला वारा यांचा फारसा उपयोग होत नाही. देवळाच्या ओसरीवर किंवा पंपावर गाडी लावून अर्धा तास झोप काढावी, किंवा सरळ उजाडल्यावर निघावे. लग्नाच्या छायाचित्रकाराला हे शक्य नसते, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी दुसरे लग्न असते. त्याला एक खाट आणि पांघरूण देणे यजमानाला मुळीच अवघड नाही.

राहिला घरचा कागद. निघण्यापूर्वी छायाचित्रकाराने एका कागदावर लिहून ठेवावे: जागेचे नाव, जवळचे गाव, तालुका, कोणत्या बाजूने वर जाणार, गाडी कोठे लावणार, गाडीचा क्रमांक, गावातल्या एका माणसाचा फोन, आणि परत येण्याची वेळ. मोबाईलवर आपली जागा घरच्या एकाच माणसाला दिसती ठेवता येते, तीही ठेवावी. पण सह्याद्रीच्या पुष्कळ घळींत मोबाईलला रेंज नसते, म्हणून कागद हवाच. बोलणे होत नाही तेथेही पुष्कळदा लहानसा लेखी निरोप निसटून जातो, तेव्हा 'ठीक आहे' एवढे दोन शब्द मधूनमधून पाठवावेत. घरच्या माणसाचे कामही ठरलेले असावे. दर पंधरा मिनिटांनी फोन करून त्याचे चित्त विचलित करू नये. मात्र ठरलेली वेळ उलटली की अर्धा तास वाट पाहावी, मग गावातल्या माणसाला फोन करावा, आणि तरीही पत्ता लागला नाही तर ११२ क्रमांक लावावा. लोक काय म्हणतील, पोरगा नुसता झोपला असेल, असे विचार त्या वेळी करू नयेत. आणि कागद हातात धरून बोलावे. प्रथम जागेचे नाव, गाव आणि तालुका सांगावा, नंतर काय झाले असेल ते. म्हणजे फोन मध्येच तुटला तरी जागा तेवढी पलीकडे पोचलेली असते.